चौथ्या स्टेजला मणक्याचं ऑपरेशन म्हणजे लूट?

पुदिनावाली: काल इथे एकाने लिहिलं, "फुप्फुसाचा कॅन्सर मणक्यात उतरला की ऑपरेशन म्हणजे निव्वळ लूट, घरी न्या, सेवा करा." सेवा करा म्हणे! कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवलंय कधी? ते ऑपरेशन कॅन्सर बरा करायला नसतंच, मज्जारज्जूवरचा दाब काढायला असतं, माणूस स्वतःच्या पायांनी संडासला जावा एवढ्यासाठी. बाबा त्यानंतर पाच महिने जगले, त्यातले चार काठी टेकत गॅलरीत जाऊन कुंडीतल्या पुदिन्याला पाणी घालायचे.

खडूस काका: मीच लिहिलं ते. तुमचं नशीब थोर. माझ्या मेहुण्याला स्क्रू-रॉड टाकले, जखम भरेना, म्हणून शेक (रेडिएशन) लांबले, सातव्या आठवड्यात गेला. बहिणीने पाटल्या मोडल्या.

माजी रेसिडेंट: काका, २००५ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला डॉ. पॅचेलचा ट्रायल बघा. १०१ पेशंट. ऑपरेशन अधिक रेडिएशनवाले ८४ टक्के चालू शकले, नुसत्या रेडिएशनवाले ५७. चालणं टिकलं १२२ दिवस, तिकडे १३. अर्थात एकाच जागी दाब, पाय गेलेच असतील तर ४८ तासांच्या आत, निदान तीन महिने आयुष्य अपेक्षित, असेच पेशंट घेतले होते. शिवाय आता गाठीच्या तपासणीत ईजीएफआर नावाच्या जीनमधला बदल सापडला, म्हणजे पेशंट ईजीएफआर पॉझिटिव्ह निघाला, तर गोळ्यांवर माणूस वर्ष-दोन वर्षं काढू शकतो, मग हिशोबच बदलतो.

सोलापुरी: ४८ तास कसले घेऊन बसलात! आईला हाडवैद्याने चार महिने "मणक्यात गॅप आहे" म्हणून पट्टा बांधून ठेवला. एमआरआय केला तेव्हा लघवी अडकली होती.

चिडका बिब्बा: गॅप!! आमच्या गल्लीत कुत्र्यालासुद्धा गॅप आहे.

शेतकरी पुत्र: हसा. आमच्या तालुक्याला एमआरआय मशीन नाही, पाठ दुखणाऱ्या प्रत्येकाला शहरात धाडू का? माझा निखळलेला खांदा हाडवैद्यानेच बसवला.

सोलापुरी: खांदा आणि मज्जारज्जू एकच का रे शहाण्या? झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायाला मुंग्या, एवढं तरी विचारायचं ना आधी!

पुदिनावाली: धागा ऑपरेशनचा आहे, गॅपचा नाही. काका, मेहुण्यांचे पाय जाऊन किती दिवस झाले होते?

खडूस काका: सहा. ४८ तासांचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. बरं बाई, तुमच्या बाबांपुरता "लूट" मागे. आमच्या बिलापुरता नाही.

शेतकरी पुत्र: शहाणा कुणाला म्हणालास ते आधी सांग.