नऊ वर्षांच्या मुलीला पूर्ण फँटसी सिरीज द्यावी का?

मधलीसुट्टी:
मुलगी नऊ वर्षांची आहे, वाचनाचा स्पीड भयानक. मैत्रिणीकडून एका फँटसी सिरीजचा पहिला भाग आणला, दोन दिवसांत फडशा पाडला आणि आता उरलेले पाच हवेत म्हणून डोकं खातेय. पहिला मी पण चाळला. बोलणारा कोल्हा, अर्धा फाटलेला नकाशा, जंगलात हरवलेले बहीणभाऊ, खटकण्यासारखं काहीच नाही. पण पाचव्याच्या कव्हरवर रक्ताळलेली तलवार आहे आणि नायिका चांगली सोळा-सतराची दिसतेय. बॉक्सवर मात्र सरसकट ९+. सगळं आधी मी वाचायचं म्हटलं तर दोन-अडीच हजार पानं, नोकरी सांभाळून कुठे जमणार? नवरा म्हणतो वाचतेय ना, वाचू दे, मोबाईलपेक्षा बरं. ते पटतंही आणि नाहीही. तुम्ही कसं ठरवता?

पानगळ:
ते ९+ बहुतेक वेळा पहिल्या भागाचं वय असतं हो. हॅरी पॉटरचंच बघा ना, १९९७ चा पहिला भाग, हिरो अकरा वर्षांचा, ब्रिटिश आवृत्ती २२३ पानांची. २००० सालचा चौथा थेट ६३६ पानं आणि शेवटाकडे शाळेतलाच एक मुलगा मारला जातो. शेवटचा भाग २००७ चा. तेव्हाची पोरं पुढच्या भागासाठी वर्ष-दोन वर्ष, एकदा तर तीन वर्ष ताटकळली, त्यामुळे हॅरीबरोबर तीही वाढत गेली. आता अख्खा सेट घरात असतो आणि पोर एका सुट्टीत अकरापासून सतरापर्यंत जाऊन येतं, घोळ तिथे आहे. मी सरळ मधल्या एका भागाची आणि शेवटच्या भागाची शेवटची तीन-चार प्रकरणं वाचते. लेखक कुठवर जाऊ शकतो ते तिथे कळतं. सस्पेन्स गेला तर माझा गेला.

जुनं_खोड:
एवढी चाळणी लावू नका. जे झेपत नाही ते मुलं उड्या मारत पार करतात, आपणही तेच केलंय. 'द हॉबिट'चं हस्तलिखित प्रकाशकाने १९३६ साली स्वतःच्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं होतं, एक शिलिंग देऊन. त्याने लिहून दिलं की पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल! ड्रॅगन आहे, लढाई आहे, माणसं मरतात, तरी पोरगं बिनधास्त.

पानगळ:
@जुनं_खोड किस्सा भारी, पण त्याच जगातलं पुढचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आलं १९५४-५५ मध्ये, ते द्याल का पाच वर्षांच्या पोराला? :) माझा मुद्दा तोच आहे.

दुपारचा_चहा:
मरणं-मारणं मोजत बसू नका, आपलं पोर नक्की कशाला घाबरतं ते बघा. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना तीन डोक्यांचा राक्षस, कापाकापी, सगळं हसत वाचायचा. मग एका पुस्तकात दाराबाहेरून आईच्या आवाजात हाक मारणारा प्राणी आला. रक्ताचा थेंब नाही, पानभराचा प्रसंग. पुढे आठवडाभर मी आतून हाक मारली की हा दारात येऊन उभा, माझा चेहरा नीट बघणार आणि मग विचारणार, "तूच आहेस ना?" कुठल्या रेटिंगमध्ये हे लिहिलेलं असणार सांगा.
अजून एक बघते, कुणी गेलं की पुस्तक तिथे थांबतं का. कुणी रडतं, आठवण काढतं, का पुढच्या पानावर लगेच दुसरी मारामारी? थांबणारं पुस्तक दुःखद असलं तरी मी देते.

कंसात_बोलतो:
इंग्रजी पुस्तक असेल तर कॉमन सेन्स मीडियावर बघा, हिंसा, भाषा, भीतीदायक प्रसंग असं वेगवेगळं लिहितात (पालकांच्या कमेंट्स जास्त कामाच्या, अधूनमधून मुलांच्याही असतात). फक्त लेक्साइल स्कोअर बघून वय ठरवू नका, तो भाषा किती अवघड एवढंच मोजतो. 'हंगर गेम्स'चा ८१० आहे, म्हणजे वाचायला सोपं, आणि गोष्ट काय तर मुलांनी मुलांना मारायचं आणि ते टीव्हीवर दाखवायचं. वाचता येणं वेगळं, झेपणं वेगळं.

मधलीसुट्टी:
सगळ्यांना थँक्यू. काल रात्री चौथ्याची शेवटची प्रकरणं वाचली. कोल्हा मरतो. पण नंतर पूर्ण एक प्रकरण ती दोघं त्याची जागा साफ करत बसतात, काहीच घडत नाही त्यात, मलाच रडू आलं. तेवढ्यात लेक पाणी प्यायला उठली, पुस्तक बघितलं आणि म्हणाली, "कोल्ह्यापाशी पोचलीस का? मला माहितीये तो मरतो, वर्गात सगळ्यांना माहितीये. कसा ते वाचायचंय फक्त." दुसरा-तिसरा आज देतेय, चौथा आम्ही दोघी मिळून वाचू. पाचवा-सहावा सध्या कपाटावर, आणि तिथे स्टूल पोचतं हे तिलाही माहितीये.