पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची?

चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, नाल्याला फुगवटा आला अन् गढूळ पाणी थेट पिण्याच्या विहिरीत. एकदा पूर्ण उपसा केला, गाळ काढला. व्यास 6 मीटर, आता पाणी 5 मीटर, म्हणजे साधारण 1 लाख 41 हजार लिटर.

हजार लिटरला अडीच ग्रॅमप्रमाणे साडेतीनशे ग्रॅम टीसीएल बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला, वरची निवळी ओतली. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर पिवळा रंग येतो): पिवळा रंग नाहीच. दुप्पट टाकल्यावर जेमतेम पिवळसर, सकाळी पुन्हा पांढरं. पिशवी गेल्या वर्षी फोडलेली, गोळे झालेत (शंका तिथंच आहे).

पाणी उकळूनच पितोय, पण दुसरी विहीर नाही. पावडर बदलून नेहमीचाच डोस द्यावा, की आधी पुन्हा उपसा करावा?