मदत हवी आहे : ब्रह्मदेशच्या आघाडीवरील सैनिक-छायाचित्रकार आणि त्यांचे उदगीरचे जीपचालक

नमस्कार. लष्करी इतिहास, जुनी छायाचित्रे आणि हस्तलिखित उर्दू यांच्या जाणकारांकडे ही विनंती आहे.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, उदगीरचे. उदगीर तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. दुसऱ्या महायुद्धात आबा रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये (लष्कराच्या रसद व वाहतूक विभागात) जीपचालक होते आणि १९४५ साली ब्रह्मदेशातील मेइक्टिलापासून रंगूनपर्यंत ब्रिटिश लष्कराच्या एका छायाचित्रकार सार्जंटला घेऊन फिरले. त्या सार्जंटचा उल्लेख ते कायम 'फोटोवाले साहेब' असाच करीत, त्यामुळे त्यांचे नाव घरात कोणालाच ठाऊक नाही. काढून झालेले रोल मात्र आबांच्या खाकी पिशवीत असत, कारण साहेब परतले नाहीत तरी रोल परतले पाहिजेत, असे दोघांत ठरलेले होते. एवढा विश्वास ज्या माणसाने आबांवर टाकला, त्याचे नाव आम्हाला कळावे, ही माझ्या आईची फार दिवसांची इच्छा आहे.

आबांच्या पत्र्याच्या पेटीत जी थोडी छायाचित्रे आहेत, त्यांपैकी एक मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यात आबा जीपच्या बॉनेटला टेकून उभे आहेत, त्यांच्या हातात भात्याचा घडीचा कॅमेरा आहे, शेजारी साहेब ॲल्युमिनियमच्या मगातून चहा पीत आहेत आणि चाकांवर चिखल वाळलेला आहे. दोघेही चौकटीत असल्यामुळे हे छायाचित्र तिसऱ्याच कोणीतरी काढलेले असणार. १९४१ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश 'आर्मी फिल्म अँड फोटोग्राफिक युनिट'चे सार्जंट बहुधा जोडीने काम करीत, एक स्थिरचित्रे काढी आणि दुसरा चलच्चित्रण करी. तेव्हा तो तिसरा म्हणजे साहेबांचा जोडीदार असावा, असा माझा तर्क आहे. या युनिटमधील अनेकांना झाइस कंपनीचा 'सुपर आयकोंटा' कॅमेरा दिलेला असे, आणि आबांच्या हातातील कॅमेरा त्याच घडणीचा दिसतो. आग्नेय आशियातील आघाडी याच युनिटच्या ९ व्या तुकडीकडे होती.

हे छायाचित्रकार एकमेकांचेही फोटो काढीत, यामुळे मला आशा वाटते. नेदरलँड्समधील अर्न्हेमच्या लढाईतून परतलेल्या स्मिथ, वॉकर आणि लुईस या तीन सार्जंटांचे २८ सप्टेंबर १९४४ चे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध आहे. ब्रह्मदेशातील कोणा जोडीचे, त्यांच्या जीपसह, असे छायाचित्र आपल्यापैकी कोणी पाहिले आहे काय?

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात या आघाडीची छायाचित्रे 'एस.ई.' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांखाली आहेत आणि पुष्कळांखाली छायाचित्रकाराचे नावही दिलेले असते. मार्च १९४५ मधील मेइक्टिलाची आणि ३ मे १९४५ च्या सुमारास रंगूनची छायाचित्रे कोणी काढली, एवढे जरी ताडून पाहता आले तरी नावे मोजकीच उरतील. मात्र त्या नोंदींत चालकाचे नाव आढळत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूनेही शोध घ्यावा असे वाटते. आबांच्या सेवेची नोंद मागण्यासाठी वारसाने आर्मी सर्व्हिस कोअरच्या बंगळुरू येथील अभिलेख कार्यालयाकडेच अर्ज करावा काय, आणि सेवा क्रमांक अर्धवट वाचता येत असल्यास तो चालतो काय, हे अनुभवी व्यक्तींनी कृपया सांगावे.

वर सांगितलेल्या छायाचित्राच्या पाठीवर आबांच्या हातची उर्दू ओळ आहे. त्यांचे सारे शिक्षण उर्दूतून झाले होते, आणि आमच्या पिढीत ती लिपी कोणालाच येत नाही. शाई उडालेली आहे, पण ओळीच्या शेवटी एखादे इंग्रजी नाव उर्दू अक्षरांत लिहिले असावे, असे एका परिचितांना वाटले. त्यांना ते नीट लागले नाही.

जाता जाता आणखी एक शंका. छायाचित्रांच्या कडांवर रुपेरी झाक चढू लागली आहे. गावातील एका स्टुडिओने लॅमिनेशन सुचवले, ते मी करू दिलेले नाही, कारण एकदा चिकटवलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात ही छायाचित्रे कशात ठेवावीत?

पाठीवरच्या ओळीचा मोठ्या आकाराचा स्कॅन तयार आहे. उर्दू हस्ताक्षर वाचू शकणाऱ्यांनी खाली कळवावे, म्हणजे तो येथेच देईन.