उत्सवात 'संशयकल्लोळ' पडद्यावर: पदं कापावीत का?

गुहागरकर: यंदा माघी उत्सवात नाटक उभं राहत नाही, पोरं मुंबईत. म्हणून 'संगीत संशयकल्लोळ'च्या एका नव्या प्रयोगाचं चित्रण, रीतसर परवानगी घेऊन, देवळाच्या मांडवात दाखवतोय. मंडळ म्हणतं, तीन तास कोण बसणार, पदं कापा. मला पटत नाही.

ऑर्गनवाले अण्णा: कापू नका हो! नाटककार गो. ब. देवलांनी हे आधी गद्यच लिहिलं होतं, खरंय. पण १९१६ साली बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने संगीतात आणलं आणि तेच घरोघरी पोचलं. मी वीस वर्षं गावात साथ केली. नाटकातल्या रेवतीने सूर लावला की मागच्या चटईवरची बायामाणसं कुजबूज थांबवायची.

दापोलीची लेक: आधी चित्रण नीट बघा, दादा. कृत्तिका तसबीर न्याहाळते आणि मागून तिचा संशयी नवरा फाल्गुनराव बघतो, तिथे दोघं एकाच चौकटीत हवीत. आम्ही पाहिलेल्यात कॅमेरा नुसता तसबिरीवर. मांडवात कुणी हसलंच नाही.

गुहागरकर: आत्ताच पाहिलं, दोघं दिसतात! पदं सगळी ठेवतो. अण्णा, दुसऱ्या अंकानंतर चहा ठेवू ना?

ऑर्गनवाले अण्णा: ठेवा. आणि कर्णे नकोत, तबल्याचा आवाज फाटतो. दोन साधे स्पीकर खांबांना बांधा.