व्हॅन गॉगवरून प्रेरित चित्रांचं प्रदर्शन: नेमकं काय बघायचं?

प्रश्न (कोराकागद):
व्हॅन गॉगपासून प्रेरणा घेतलेल्या आजच्या चित्रकारांचं प्रदर्शन बघायचं आहे. त्याचं स्वतःचं एकही मूळ चित्र तिथे नाही. तैलचित्रं, अॅक्रिलिक, थोडे छापे (ठशांवरून कागदावर उमटवलेली चित्रं) आणि शेवटी भिंतीभर प्रोजेक्शनची खोली. हाताशी दोन तास. नुसती नक्कल कुठली आणि खरंच काही नवं केलेलं काम कुठलं, हे कसं ओळखायचं?

जाडलेप:
जाण्यापूर्वी मूळ चित्रांची मापं बघून ठेवा. ‘स्टारी नाइट’ (१८८९) जेमतेम ७३.७ बाय ९२.१ सेंमी आहे. हे डोक्यात असलं की दहा फुटी कॅनव्हास समोर आला तरी नुसत्या आकाराने दिपून जायला होत नाही.

चित्र आधी, पाटी नंतर. तीन-चार मीटरवरून बघा, मग रेषा न ओलांडता जितकं जवळ जाता येईल तितकं, आणि मग बाजूने, तिरकं. जाड रंगाचे कंगोरे बाजूनेच कळतात. अॅक्रिलिकमधलं पाणी उडून गेलं की थर आकसतो आणि कंगोऱ्यांची टोकं बोथट होतात. तैलरंगात ती बरीच टोकदार राहतात. हा दोष नव्हे, पण कुंचल्याचा फटकारा वेगळा दिसतो तो यामुळे.

मुख्य खूण फटकाऱ्याच्या दिशेची. व्हॅन गॉगचा फटकारा वस्तूप्रमाणे बदलतो: सायप्रसचं झाड ज्वाळेसारखं वर चढतं, शेत आडवं पसरतं, आकाश गरगरतं. कच्च्या नकलेत मात्र चेहरा, भिंत, टेबल, सगळीकडे एकाच मापाच्या भोवऱ्या.

फिकटजांभळा:
रंगांबद्दल कुणी बोलत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. व्हॅन गॉगच्या ‘बेडरूम’ या चित्रातल्या भिंती आपल्याला निळ्या वाटतात, पण १८८८ च्या पत्रात त्याने त्या फिकट जांभळ्या लिहिल्या आहेत. मिश्रणातला लाल उजेडाने उडाला, निळा उरला. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयातल्या ‘आयरिसेस’ची (१८९०) पार्श्वभूमी गुलाबी होती, आज जवळजवळ पांढरी आहे. सूर्यफुलांमधला क्रोम पिवळा शिशाचा. उजेडात त्यातलं क्रोमियम रासायनिकदृष्ट्या बदलतं आणि रंग तपकिरीकडे झुकतो.

म्हणून प्रदर्शनात बेडरूमवरून केलेलं चित्र दिसलं की भिंतीचा रंग बघा. निळी असेल तर बहुधा आजचं, उडालेल्या रंगाचं चित्र समोर ठेवून काम झालंय. जांभळी असेल तर चित्रकाराने पत्रं वाचली असण्याची शक्यता बरीच.

तिरकसरेघ:
जाडलेप, फटकाऱ्यांची कसोटी नकलेपुरती ठीक. प्रेरणा मोजायला ती अपुरी पडते. विसाव्या शतकातला चित्रकार फ्रान्सिस बेकन याने १९५६-५७ मध्ये व्हॅन गॉगच्या ‘तारास्कोंच्या वाटेवरचा चित्रकार’ या चित्रावरून मालिका केली. मूळ चित्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं असं मानतात, म्हणजे बेकनच्या हाती फक्त छापील प्रत. त्याने घेतला तो उन्हातला एकटा माणूस आणि त्याची सावली. बाकी सगळं बेकनचंच.

व्हॅन गॉगनेही हेच केलं. सेंट-रेमीच्या इस्पितळात मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांचे काळे-पांढरे छापे समोर ठेवून त्याने सुमारे वीस चित्रं रंगवली. रंग अर्थातच त्याचे. १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या पावसातल्या पुलाची नक्कल करताना त्याने भोवती जपानी अक्षरांची चौकट स्वतःहून जोडली. तेव्हा प्रत्येक चित्रापुढे एवढंच विचारा: विषय घेतलाय, रंग घेतलेत, मांडणी घेतलीये की फटकारा? चारही जसेच्या तसे असतील तर फार वेळ थांबू नका.

कोराकागद:
आणि प्रोजेक्शनची खोली आधी की शेवटी?

जाडलेप:
शेवटीच. आधी गेलात तर डोळे त्या झगमगाटाला सरावतात आणि नंतर कॅनव्हास मळके वाटतात. आत भिंतीला पाठ लावून बसा. जमिनीवरही चित्र सरकत असेल तर मधोमध उभं राहून गरगरतं. फीत परत पहिल्यापासून सुरू झाली की निघा. छाप्यांच्या दालनात उजेड कमी असेल, कारण कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) ठेवतात. तिथे दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की बारीक रेषा दिसू लागतील. मोबाइलचा टॉर्च लावू नका. काचेवर झळाळी आली तर अर्धं पाऊल बाजूला सरका.