मदत हवी आहे - मुलीला ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं सुरू करायची आहेत

माझी मुलगी ९ वर्षांची आहे, उंची ११५ सेमी. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलने खूण करतो, गेल्या दोन खुणांमध्ये जेमतेम ४ सेमीचं अंतर आहे आणि दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक अजून तिला नीट बसतो, ते बघूनच पोटात गोळा आला आणि डॉक्टरांकडे गेलो. थायरॉईड, सीलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), टर्नरसाठी (मुलींमधला गुणसूत्रांचा दोष) कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, सगळं नॉर्मल आलं, पण डाव्या हाताच्या एक्स-रेमध्ये हाडांचं वय साडेसहा वर्षांचं निघालं, आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात तयार होणारा घटक) कमी आणि स्टिम्युलेशन टेस्टमध्ये (औषध देऊन ग्रोथ हार्मोन किती वाढतं ते बघतात) पण हार्मोन कमीच. एमआरआय व्हायचाय. डॉक्टर म्हणाले हाडांच्या टोकाच्या ग्रोथ प्लेट्स बंद झाल्या की इंजेक्शनचा उंचीला उपयोग नाही, म्हणून उशीर करू नका.

घरात सासूबाईंना भीती वाटतेय. पूर्वी हे हार्मोन मृत माणसांच्या पिट्युटरीतून (मेंदूच्या खालच्या ग्रंथीतून) काढायचे, त्यातून मेंदूचा आजार झाला होता हे त्यांनी कुठेतरी ऐकलंय. १९८५ पासून ते लॅबमध्ये बनवतात हे मी सांगितलं, तरी त्यांची काळजी जात नाही, आणि खरं सांगायचं तर माझीही.

ज्यांच्या मुलांना चालू आहे त्यांनी प्लीज सांगा, रोज रात्री टोचायला मुलं तयार होतात का? आठवड्यातून एकदाचं इंजेक्शन कोणी वापरलंय का? डोकेदुखी किंवा मांडी-गुडघा दुखून लंगडणं असं काही झालं का? प्रवासात इंजेक्शनचं पेन थंड कसं ठेवता? आणि तिला हे सगळं कसं समजावू, काल विचारत होती, "आई, मी आजारी आहे का?"