गव्हाची बिअर नव्या यंत्रात तळाला लागली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहतो. चार वर्षं घरी बिअर करतोय, पण आजवर गॅसवर मोठं पातेलं आणि त्यात माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, कापडी पिशवी, एवढ्यावरच. गेल्या महिन्यात ३५ लिटरचं इलेक्ट्रिक यंत्र घेतलं. तळाला हीटर, आत जाळीचा डबा आणि खालचं वर्ट (माल्टचं गोड पाणी) उचलून दाण्यांवर सोडत राहणारा पंप. शनिवारी त्यात पहिल्यांदा हेफेवायझन, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, लावली.

गव्हाचं माल्ट ३ किलो, जवाचं पिल्सनर माल्ट २ किलो, पाणी १८ लिटर. या बिअरचा लवंगेसारखा वास नीट उतरावा म्हणून आधी ४४ अंशांवर १५ मिनिटं ठेवलं आणि मग ६६ पर्यंत चढवायला हीटर पूर्ण लावला. दहा मिनिटांत दाण्यांचा लगदा झाला, पळी उभी राहील असा. वर्ट त्यातून झिरपेचना, मधल्या नळीतून तसंच खाली जायला लागलं. थोड्या वेळाने यंत्र आपोआप बंद पडलं. डबा उचलून पाहतो तर तळाला काळपट खरपुडी, आणि वास अगदी खीर लागल्यासारखा. दाणे धुवायला वरून घातलेलं पाणी धरून शेवटी २३ लिटर हाती आलं, पण घनता १.०५० ऐवजी १.०३८, म्हणजे साखर कमी उतरली.

यीस्ट घातलंय, १८ अंशांवर फेसही छान येतोय. हा वास आंबताना जाईल का? पुढच्या वेळी दळण जाड ठेवू, की भाताचं तूस घालू? जुलैत दादा-वहिनी येणार आहेत. दादाने म्युनिकला ही बिअर प्यायली होती, अजून आठवण काढतो. त्याला मला तीच चव द्यायची आहे.

प्रतिसाद

करपट वास सहसा जात नाही. तरी ओतून देऊ नका, आंबून झाल्यावर चव बघून ठरवा.

मूळ अडचण गव्हाची आहे. गव्हाचं टरफल मळणीतच सुटतं. जवाचं दाण्याला चिकटून राहतं आणि पुढे तेच गाळणीचं काम करतं. त्यामुळे तूस घालाच, ५ किलोला २५०-३०० ग्रॅम, आधी धुऊन. दळण किंचित जाड ठेवा. पहिली १०-१५ मिनिटं पंप बंद ठेवा, मग तोटी अर्धीच उघडा. तापमान चढवताना हीटर कमी ठेवून दाणे ढवळत राहा. पीठ तळाला बसतं आणि हीटरवर तेच जळतं. ४४ अंशांचा टप्पा बरोबर आहे, तो सोडू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. पंप सुरुवातीपासून पूर्ण सोडला होता, चूक तिथेच झाली. तूस आजच मागवतो. येत्या शनिवारी पुन्हा लावली तरी जुलैच्या आत बाटल्या तयार होतील.